लायब्ररीत पाठवलेली मुलं

एकच धडा, चौथ्यांदा. वर्ग तोच, मुलं तीच, फळ्यावर चिकटवलेली कागदाची पोळीसुद्धा तीच. आणि मागच्या बाकावर बसलेल्या भक्ती मॅडम अजून म्हणतच होत्या, "हं, छान. आता निहारला विचार." खदिजाने निहारला विचारलं. दुसरीतलं ते पोर उठलं आणि अर्धा मोठा की पाव मोठा याचं उत्तर त्याने पाढा म्हणावा तसं घडाघडा म्हणून दाखवलं. शिळ्या कढीला माणसाने ऊत आणावा तरी किती वेळा? मुलं बिचारी गरीब म्हणून गप्प बसली होती. दुसरं कोणी असतं तर एव्हाना ती कागदाची पोळी फाडून मोकळं झालं असतं.

पण खदिजा परकारला चिडून भागणार नव्हतं. बहारीनमधल्या या भारतीय शाळेत ती सहा वर्षं मदतनीस होती. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, वर्गशिक्षिका रजेवर गेली की तिचा अख्खा वर्ग सांभाळायचा, आणि एवढं करून मुलांनी हाक मारायची ती 'आंटी'. 'मॅम' म्हणजे त्या वेगळ्या. हर्णैच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून दापोलीला बीएस्सी झालेल्या बाईला याचा राग येणार नाही तर काय? म्हणून तिने एका परदेशी विद्यापीठाचा प्राथमिक शिक्षकांसाठीचा पदव्युत्तर कोर्स धरला. अभ्यास ऑनलाइन, आणि शिकवण्याचा सराव आपल्याच शाळेत, एका अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली. त्या अनुभवी शिक्षिकेला कोर्सच्या भाषेत मेंटर म्हणतात, आणि खदिजाच्या मेंटर होत्या भक्ती मॅडम, प्राथमिक विभागाच्या प्रमुख. आता शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता. विद्यापीठाच्या ट्यूटर बाई मंगळवारी स्वतः वर्गात बसून तिचा धडा बघणार होत्या. त्यात पास झाली, की एप्रिलपासून दुसरीचा वर्ग तिचा. तसं प्रिन्सिपलनी कबूल केलं होतं. नाही झाली, तर आहेच नाकं पुसणं.

भक्ती मॅडम वाईट होत्या असं कोणी म्हणू नये. मूळच्या पुण्याच्या, इथे अठरा वर्षं काढलेल्या. खदिजाचे सासरे वारले तेव्हा स्टाफरूममध्ये तिच्याजवळ पहिल्यांदा येऊन बसल्या त्या याच. ईदला हौसेने शिरखुर्मा मागून खायच्या. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या या दोघीच, त्यामुळे बाकीच्यांच्या देखत मनातलं बोलायचं असलं की दोघी सरळ मराठीत शिरायच्या. कोर्सला मेंटर मिळत नव्हती तेव्हा "मी होते गं तुझी, काळजी कशाला करतेस" असं म्हणून त्यांनी सही केली होती. म्हणूनच तर खदिजाची पंचाईत होती. परक्याशी भांडता येतं, आपल्या माणसाशी कसं भांडायचं?

पहिल्यांदा हा धडा घेतला तेव्हा तो खरा धडा होता. खदिजाने मुलांना विचारलं होतं, अर्धी पोळी हवी की पाव? आणि अनुष्का नावाच्या मुलीने ठासून सांगितलं होतं की पावच हवी, पाव मोठी असते. का? तर पाव करायला चार लागतात आणि अर्ध्याला दोन, आणि चार दोनापेक्षा मोठे. खदिजाला इतका आनंद झाला होता की विचारू नका. कोर्सच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की मुलाची चूक दडपायची नाही, ती कुठून आली ते शोधायचं, कारण शिकवायची सुरुवात तिथूनच होते. आणि इथे ही पोर आपली चूक कारणासकट हातात आणून देत होती. त्या दिवशी वर्गात असा कालवा झाला, अशी वादावादी झाली, की शेजारच्या वर्गाच्या मॅम डोकावून गेल्या.

भक्ती मॅडमही बघत होत्या. धडा संपल्यावर त्यांनी खदिजाला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की सगळं छान आहे, फक्त ही अनुष्का त्या दिवशी नको. तिच्याबरोबर आणखी दोघं आहेत, तीही नकोत. त्यांना लायब्ररीत गोष्ट वाचायला बसवू. खदिजाने विचारलं, का म्हणून? तर भक्ती मॅडम हसल्या.

"अगं, पाहुणे यायचे असले की घरातला पसारा आपण पलंगाखाली सरकवतोच ना?"

पसारा! सहा-सात वर्षांची तीन जिवंत मुलं, आणि त्यांना ही बाई पसारा म्हणते. खदिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गप्प राहिली. सही त्यांची, वर्ग त्यांचा, शाळाही एका अर्थी त्यांचीच.

मग सुरू झाली तालीम. कुठला प्रश्न कधी विचारायचा, कोणाला विचारायचा, कोण काय म्हणेल, सगळं ठरलं. आणि तिसऱ्या तालमीला भक्ती मॅडमनी मुलांना ते हाताचं शिकवलं. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. म्हणजे पाहुण्यांना दिसणार हातांचं जंगल, आणि बाईंना बरोबर कळणार कोणाला उठवायचं ते. मुलांना मोठी गंमत वाटली. खदिजाला मात्र ते नवीन नव्हतं. साहेब तपासणीला यायचे तेव्हा हर्णैच्या शाळेतही असंच चालायचं, आणि तिचा हात बहुतेक वेळा उजवाच असायचा. माणसं समुद्र ओलांडून इथे आली, येताना लोणच्या-पापडाबरोबर हेही बांधून आणलं की काय? वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि हे सगळं कशासाठी, तर शिकवायचं कसं हे शिकण्यासाठी!

सोमवारी संध्याकाळी हमद टाउनच्या घरी तिने हे नवऱ्यापुढे, मुनाफपुढे, ओकून टाकलं. मुनाफ सीफ भागातल्या एका मोठ्या दुकानात स्टोअरकीपर होता, साधा सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने सगळं ऐकून घेतलं, पोळीचा घास संपवला आणि सांगितलं की साहेब बघायला आले की आम्हीसुद्धा तुटलेले खोके मागे टाकतो, जगात सगळीकडे असंच असतं. खदिजा म्हणाली, खोके आणि मुलं एकच का? बायकोचा स्वभाव त्याला ठाऊक होता.

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नको गो," तो म्हणाला. "एवढी वर्षं काढलीस, उद्याचा एक दिवस काढ. वर्ग तुझा झाला की मग शिकव कसं शिकवायचं ते."

बोलणं खोटं नव्हतं. खदिजानेही तेच ठरवलं. उद्या मुकाट्याने पार पाडायचं, खलास.

मंगळवारी सकाळी मुनाफने गाडी सातव्या दुवाराला, म्हणजे गोल चौकाला, वळसा घालून बेकरीपुढे थांबवली. खदिजाने उतरून भट्टीतून नुकतेच निघालेले दोन खुब्ज, म्हणजे इथल्या रोट्या, घेतले, चांगले ताटाएवढे. भक्ती मॅडमनी सांगून ठेवलं होतं की कागदाचीच पोळी वापरायची, चुरा नको, कार्पेट घाण होतं. तरी तिने घेतले. निदान कापायला एक खरी भाकरी असू दे, एवढाच तिचा विचार होता.

शाळेत पोचली, वर्ग भरला, हजेरी झाली. ट्यूटर बाई अजून प्रिन्सिपलच्या ऑफिसात चहा घेत होत्या. खदिजा फळ्यावर पोळी चिकटवत होती, तेवढ्यात तिला मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर अनुष्का उठली होती. पाण्याची बाटली गळ्यात अडकवलेली, गोष्टीचं पुस्तक काखेत. कोणी काही सांगितलं नव्हतं. ती स्वतःहून दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिच्या मागोमाग बाकीची दोघंही.

खदिजाने विचारलं, कुठे निघालीस? अनुष्काने इंग्रजीत सांगितलं की पाहुणे येणार आहेत ना, म्हणून लायब्ररी. चेहऱ्यावर रडू नाही, रुसवा नाही. बस आली की चढावं तसं. केजीपासून या शाळेत होती ती, आणि दर वेळी पाहुणे आले की हेच. मुलीला सवय झाली होती. भक्ती मॅडम आल्या, "गुड गर्ल" म्हणाल्या आणि तिघांना घेऊन गेल्या. रडली असती तर परवडलं असतं, पण हे नको होतं.

ट्यूटर बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्याने प्रेमळ. मागे बसल्या, शेजारी भक्ती मॅडम. धडा सुरू झाला आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा चालू लागला. प्रश्न आला की सगळे हात वर. खदिजा उजव्या हाताचं मूल उठवायची, ते मूल ठरलेलं उत्तर द्यायचं, ट्यूटर बाई मान हलवून काहीतरी लिहायच्या. भक्ती मॅडमचा चेहरा लग्नातल्या वरमाईसारखा फुलला होता. आणि खदिजाला एकेका उत्तराबरोबर स्वतःची अधिकच शरम वाटत होती.

मग निहारची पाळी आली. तो उठला, अर्धा पावापेक्षा मोठा असतो म्हणाला आणि बसायला लागला. खदिजाच्या तोंडून न ठरवलेला शब्द निघून गेला. तिने विचारलं, "का?"

निहार गडबडला. हे कुठे ठरलं होतं? त्याने खदिजाकडे बघितलं, फळ्यावरच्या पोळीकडे बघितलं आणि मग मान मागे वळवून भक्ती मॅडमकडे बघितलं. उत्तर त्यांच्याकडे आहे हे त्याला माहीत होतं. खदिजाने दुसऱ्याला विचारलं, का? तिसरीला विचारलं. एकेक मान मागे वळायला लागली. अख्ख्या वर्गात कोणालाही काहीही आलं नव्हतं. चार वेळा शिकवलेला धडा! लायब्ररीत बसवलेली तीन मुलं तेवढी कच्ची, हे कोणी ठरवलं होतं? इथे बसलेली बाकीची सगळी तितकीच कच्ची होती, त्यांना फक्त पाठ करून घेतलं होतं.

मग मात्र खदिजाचं डोकं फिरलं. मुनाफ आठवला, एप्रिल आठवला, दुसरीचा वर्ग आठवला, आणि तरीही तिने दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या मदतनिसाला, सत्यवती आंटीला, सांगितलं की लायब्ररीतल्या तिघांना घेऊन या. भक्ती मॅडम अर्धवट उठल्या, डोळ्यांनी नाही नाही म्हणाल्या. खदिजाने तिकडे बघितलंच नाही.

तिघं आली. खदिजाने कागदाची पोळी काढून ठेवली आणि खुब्ज बाहेर काढले. अनुष्काला विचारलं, तुला भूक लागली असली तर यातला कुठला तुकडा घेशील, अर्धा की पाव? अनुष्का म्हणाली, पाव. चार म्हणजे जास्त. वर्ग हसला. खदिजाने हसणाऱ्यांना विचारलं की ती चुकली हे कशावरून, आणि आता ज्याला अनुष्काचं पटतं त्यानेच हात वर करायचा, कुठलाही हात. आधी कोणीच केला नाही. मग एकीने केला. मग बघता बघता अर्ध्याच्या वर वर्गाने केला, निहारसकट.

पुढे जे झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. एक खुब्ज दोघांत, एक खुब्ज चौघांत. मुलं टेबलाभोवती गोळा झाली, ढकलाढकली झाली, एकाने आपला तुकडा खाऊनच टाकला आणि मग माझा कुठे गेला म्हणून रडला. अनुष्का मात्र हरायला तयार नव्हती. चौघांत ती होती आणि तिच्या वाट्याला आलेला तुकडा बघून तिने रागाने विचारलं की माझा एवढासाच का? खदिजाने विचारलं, तूच सांग, का? अनुष्काने बाकी तिघांकडे बघितलं, एकेकाच्या हातातला तुकडा बघितला. तोंड उघडलं आणि तेवढ्यात घंटा झाली. धडा अर्धवटच राहिला. कार्पेटभर चुरा झाला होता.

सुट्टीत भक्ती मॅडमच्या खोलीत तिघी बसल्या. ट्यूटर बाईंनी हसून सांगितलं की अभिनंदन, पास. धड्याचा पहिला भाग तर उत्कृष्ट होता, मुलांचा एवढा सहभाग त्यांनी क्वचितच बघितला होता. शेवटी जरा गोंधळ झाला, वेळेचा अंदाज चुकला, पण नवीन शिक्षकाचं असं होतं. भक्ती मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला आणि टेबलाखाली खदिजाचा हात घट्ट दाबला. त्या हातात प्रेम होतं आणि गप्प बस हेही होतं.

खदिजा गप्प बसली. देवाशप्पथ बसली होती. पास हा शब्द ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! उत्कृष्ट काय तर म्हणे पहिला भाग. ज्या विद्यापीठाच्या पुस्तकांनी तिला चूक शोधायला शिकवलं, त्याच विद्यापीठाच्या बाईंना पाठ केलेली पोपटपंची उत्कृष्ट वाटली होती आणि पहिल्यांदा मुलं विचार करायला लागली तो गोंधळ वाटला होता. तरीही ती गप्प होती.

मग ट्यूटर बाईंनी एक सल्ला दिला. ती तीन मुलं मधेच आली तिथे धड्याची लय बिघडली. तशा मुलांची व्यवस्था पुढच्या वेळी वेगळी करावी, म्हणजे वर्गाला त्रास होत नाही.

तशा मुलांची! खदिजाने टेबलाखालचा हात सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. धडा आज पाचव्यांदा झाला हे सांगितलं. डावा हात आणि उजवा हात सांगितला. ती तीन मुलं उशिरा आली नव्हती, त्यांना बाहेर ठेवलं होतं हे सांगितलं. मीही या सगळ्यात होते, हेही सांगितलं. तिच्या इंग्रजीची गाडी दोनदा अडखळली, पण थांबली नाही.

ट्यूटर बाईंनी कप खाली ठेवला. नंतर त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं की असं असेल तर आजचा धडा धरता येणार नाही. पुढच्या सत्रात पुन्हा, न कळवता, आणि मेंटर दुसरी लागेल. शाळा तोवर तिला ठेवणार असेल तर, हे त्यांनी भक्ती मॅडमकडे बघून म्हटलं. म्हणजे एप्रिल गेला, दुसरीचा वर्ग गेला. आणि ठेवायचं की नाही ते ठरवणार कोण, तर भक्ती मॅडम.

भक्ती मॅडमचे डोळे भरून आले होते. ते नाटक नव्हतं, त्यांना खरंच लागलं होतं. त्या नेहमीसारख्या मराठीत वळल्या, परक्या बाईसमोर घरचं बोलावं तशा.

"तुझं काय वाईट केलं होतं गं मी?" त्या म्हणाल्या. "पास झाली होतीस की."

"माझं काही वाईट नाही केलंत," खदिजा म्हणाली. "मला पास करायला तुम्ही मुलांना फसवलंत. अनुष्काला तीन वर्षं लायब्ररीत बसवलंत, आणि ती शिकत नाही म्हणून तिलाच नावं ठेवलीत."

ट्यूटर बाईंनी एकीकडून दुसरीकडे बघितलं आणि विचारलं, काय म्हणतायत त्या?

भक्ती मॅडमनी पदराने डोळे टिपले आणि चेहऱ्यावर हसू आणलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या की विशेष काही नाही, आमच्या भाषेत ती माझे आभार मानतेय, इतके दिवस शिकवलं म्हणून.

खदिजा खुर्चीवरून उठली.

"मी आभार मानलेले नाहीत," तिने ट्यूटर बाईंना इंग्रजीत सांगितलं, आणि मघाशी जे मराठीत म्हटलं होतं ते सावकाश, एकही शब्द न गाळता, भक्ती मॅडमच्या समोर पुन्हा सांगितलं.